नीळ दिलेले बगळे

आमच्या ह्यांना सगळी गल्ली 'हनुवटी काका' म्हणते. ह्यात कुणी चेष्टा करतंय असं त्यांना वाटत नाही, आणि मीही कधी सांगायला गेले नाही. फोटो स्टुडिओ आहे आमचा. खाली स्टुडिओ, वर दोन खोल्या. ओळखपत्राचे, फॉर्मवर चिकटवायचे फोटो काढायचे, हाच मुख्य धंदा. माणूस स्टुलावर बसला की हे म्हणणार, "हनुवटी खाली. अजून थोडी. बास. पापणी हलवू नका." दिवसभर जिन्यातून वर स्वयंपाकघरात मला तेवढंच ऐकू येतं. एकदा तर झोपेत म्हणाले. मी हनुवटी खाली केली आणि कूस बदलली.

स्टुडिओतला पडदा पांढरा. तसा नियमच आहे. आणि निम्मी माणसं फोटोला येताना पांढरा शर्ट घालून येतात, कारण इस्त्रीचा तेवढाच एक असतो. पांढऱ्यावर पांढरं आलं की माणूस गायब, नुसतं डोकं हवेत तरंगतं. म्हणून दाराजवळच्या खुंटीला एक काळा कोट टांगलेला आहे. येईल त्याला तोच. जाड्याला नुसता पुढून लावायचा, बारक्याला मागून चिमटे मारायचे. बँकेचे मॅनेजर आणि त्यांचा शिपाई, दोघांच्याही ओळखपत्रावर आमचाच कोट आहे. दोघांनाही तो सारखाच वाईट दिसतो.

पाऊस लागला की गिऱ्हाईक थांबतं. भिजलेल्या केसांनी फोटो कोण काढून घेणार? मग हे खाली कुलूप लावतात, कॅमेऱ्यावर प्लॅस्टिकची पिशवी बांधतात आणि बस डेपोमागच्या तळ्यावर जातात. बगळ्यांचे फोटो काढायला! लग्न झालं तेव्हापासून हेच बघतेय. नवी होते तेव्हा मला वाटायचं, नक्की काहीतरी भानगड आहे, धड डोक्याचा माणूस पावसात बगळे बघायला जातो का? एकदा गुपचूप मागोमाग गेलेसुद्धा. खरोखर बगळेच होते. मग मी परत आले आणि पुन्हा काही तिकडे फिरकले नाही.

"उन्हात बगळा जळतो," हे सांगतात. जळतो म्हणजे फोटोत. ऊन पडलं की पांढऱ्या पिसांचा नुसता डाग होतो, चुन्याचा हात लागल्यासारखा. पावसाळी उजेड सपाट असतो. कुठे सावली नाही, कुठे चमक नाही. तेव्हा पांढऱ्याच्या पोटात काय काय असतं ते दिसतं, एकेक पीस सुटं होतं. पण उजेड जरा कमी घेतला तर बगळा न धुतलेल्या गंजीफ्रॉकासारखा मळका येतो, आणि जरा जास्त घेतला तर कागद कापून चिकटवल्यासारखा. तळ्याच्या कडेला जुनं पंपघर आहे. पावसात त्याची भिंत भिजून काळीभोर होते. बगळा उडत त्या भिंतीसमोरून जाईपर्यंत हे थांबणार. तो बगळ्याचा कोट, म्हणे. एका जागी इतका वेळ बगळासुद्धा उभा राहत नसेल. "पांढरं जमलं की सगळं जमलं," हे ह्यांचं पालुपद.

दर पावसाळ्यात एक फोटो मोठा करून स्टुडिओच्या काचेत लागतो. वर्षभर तोच राहतो. लावण्याआधी हे तो दारात नेऊन ढगांच्या उजेडात धरतात, कारण ट्यूबलाइट खोटं बोलते. दारात पांढरा दिसला तरच पांढरा. येणारेजाणारे थांबून बघतात. मी वरवर नाक मुरडते, पण खोटं कशाला बोलू, मला अभिमान वाटायचा. सबंध रस्त्यावर असं एकच दुकान होतं, ज्याच्या काचेत विकायला नसलेली वस्तू होती.

बिघडायला सुरुवात झाली ती शर्टांपासून. हे शर्ट पांढरेच घालतात, आणि एके दिवशी म्हणाले, "हल्ली कपडे पिवळट निघतात गं. साबण बदललास का?" आता कपड्यांच्या बाबतीत मला कुणी बोललेलं खपत नाही. माझ्या दोरीवरचे कपडे बघून शेजारणी आपले कपडे आत घेतात. मी म्हटलं, बरं. थोडी नीळ जास्त घातली. पुन्हा तेच, पिवळट. अजून घातली. पुन्हा तेच! मग माझं डोकं फिरलं. म्हटलं, थांबा, दाखवतेच. अख्खी बादली निळीशार केली आणि त्यात शर्ट बुडवून काढले. शाळेच्या गणवेशासारखे निळे झाले. आता बोंब मारतील म्हणून मी कंबर कसून उभी. ह्यांनी शर्ट अंगात घातला, आरशात पाहिलं आणि म्हणाले, "हां! आता कसा बगळ्यासारखा झाला."

मला वाटलं, मुद्दाम म्हणतायत. टोमण्याला टोमणा. मीही हट्टाला पेटले. त्या दिवसापासून बादली तशीच निळी, आणि हा माणूस गावभर निळा शर्ट घालून ऐटीत फिरतोय.

त्याच पावसाळ्यात काचेतला बगळा निळा आला. मी म्हटलं, "अहो, ह्या बगळ्यालाही नीळ दिलीत का?" तर म्हणाले, "तुला पांढऱ्यातलं काय कळतंय?" मी! जिचं अर्धं आयुष्य धुण्याच्या दगडावर गेलं, तिला पांढऱ्यातलं काय कळतंय! दोन दिवस मी ह्यांच्याशी भाजीपुरतंच बोलले. पुढच्या वर्षीचा बगळा आणखी निळा. मी पुन्हा बोलले, पुन्हा तेच उत्तर. पालथ्या घड्यावर किती पाणी ओतणार?

आणि यंदा काच रिकामी राहिली. जुना बगळा उतरवला, नवा लागलाच नाही. रोज पावसात जायचे आणि रोज तोंड पाडून यायचे. "पांढरे आलेच नाहीत यंदा. सगळे ते पिवळट, गुरांमागे फिरतात ना, तसले बगळे. मोठे पांढरे दुसरीकडे गेले असणार. पाणी बिघडलं तळ्याचं." रात्रीचं जेवण निम्मं टाकून उठायचे. कुणी विचारलं, "काका, यंदाचा बगळा?" की उगाच कॅमेऱ्याची काच पुसत बसायचे. माणूस वाळत चालला होता, आणि तेही बगळ्यांपायी. सांगणार कुणाला?

अशात इस्पितळाचं काम आलं. सगळ्या परिचारिकांचे ओळखपत्राचे नवे फोटो. पांढरे गणवेश, त्यामुळे कोट चालेना. ह्यांनी पडद्यापाशी मेहनत घेतली, गणवेश पडद्यात मिसळू नये म्हणून दिवे हलवले, सगळं केलं. फोटो गेले. चार दिवसांनी मोठ्या सिस्टर स्वतः पाकीट घेऊन दारात. गोल चेहऱ्याची, खणखणीत आवाजाची बाई. पाकीट काउंटरवर उलटं केलं.

"काका, माझ्या मुली गारठल्यात की काय? ह्यातल्या निम्म्या मला शवागारातल्या वाटतात."

मी जिन्यातून खाली येऊन पाहिलं. सगळ्या मुलींचे ओठ जांभळे, गाल निळसर. ह्यांनी एक फोटो उचलला, डोळ्यांजवळ नेला, लांब नेला. "शाई खराब आली. कागदही हल्ली..."

"नाचता येईना, अंगण वाकडं," माझ्या तोंडून गेलं.

सिस्टर मात्र फोटोकडे बघत नव्हत्या. ह्यांच्याकडे बघत होत्या. "काका, जरा उजेडाकडे तोंड करा." आणि आमच्याच स्टुडिओत त्यांनी ह्यांची हनुवटी धरून वर केली. "मोतीबिंदू आहे. चांगला पिकलेला. कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं म्हणतात ना, तसं तुम्हाला कावीळ न होता दिसत असणार, म्हणून पांढरं दिसेपर्यंत फोटोत निळा रंग वाढवताय. या उद्या, आमच्या डॉक्टरांना दाखवू."

ह्यांनी हनुवटी सोडवून घेतली. "फोटो पुन्हा काढून देतो," एवढंच म्हणाले आणि मागच्या खोलीत निघून गेले.

संध्याकाळी मी विषय काढला. पहिल्यांदा रागावले, मग खरं काय ते बाहेर आलं. ह्यांचे काका, ज्यांनी ह्यांना हा धंदा शिकवला, त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन बिघडलं होतं. पुढे त्यांनी कॅमेरा हातात धरला नाही. स्टुडिओच्या बाकावर बसून नुसते आवाज ऐकायचे. "तेव्हाची गोष्ट वेगळी होती हो," मी म्हटलं. "डोळा तोच आहे," हे म्हणाले. "उजवा गेला तर मी काय करू? पाटी उतरवू?" कॅमेऱ्याला लावायचा डोळा उजवाच. मलाही भीती वाटलीच की. पण पाटी तर अशीही उतरणार होती. जांभळ्या ओठांचे फोटो कोण काढून घेणार?

दुसऱ्या दिवशी पाऊस. हे पिशवी बांधून निघाले. मी म्हटलं, मीही येते, छत्री धरायला. माझ्याकडे असं बघितलं, जणू काचेतला बगळाच बोलला. पण नाही म्हणाले नाहीत.

तळ्यावर पोचलो आणि मी जागच्या जागी उभी राहिले. अहो, काय सांगू! सगळं तळं पांढरं. चिखलात पांढरे, पाण्यात पांढरे, पंपघराच्या पत्र्यावर ओळीने पांढरे. मोठे, लांब मानेचे, काळ्या पायांचे. अंगावर मळ म्हणून नाही. माझ्या दोरीवरसुद्धा एवढं पांढरं कधी वाळलं नव्हतं.

हे माझ्या शेजारी उभे. कॅमेरा तसाच गळ्यात. म्हणाले, "बघ. आहे का एक तरी पांढरा?"

मला रडू आलं. आधी ह्यांची दया आली, मग स्वतःचा राग आला, मग ह्यांचाही आला, सगळं एकदम. मी म्हटलं, "सगळे पांढरे आहेत हो. सगळेच्या सगळे."

"तुला पांढऱ्यातलं..." म्हणाले आणि थांबले, कारण मी पदराने डोळे पुसत होते. बोलून भांडणारी बायको ह्यांना सवयीची आहे. रडणारी नाही.

पंपघराच्या वळचणीला पंपवाला विडी ओढत बसला होता. हे चिखल तुडवत तिकडे गेले. "दादा, हे बगळे कसे आहेत?"

"कसे म्हणजे? बगळ्यांसारखे."

"रंगाने."

पंपवाल्याने माझ्याकडे पाहिलं. ह्यांना घरी नेऊ का, असा चेहरा. "पांढरे आहेत की साहेब. बगळे आणि कसले असणार?"

"आणि माझा शर्ट?"

"तो निळा."

हे पंपघराच्या पायरीवर बसले. पत्र्यावरून पाणी ह्यांच्या खांद्यावर गळत होतं तरी सरकले नाहीत. मी छत्री वर धरली.

"मग मी दोन वर्षं काचेत लावले ते?"

"निळे."

"आणि तू बोलली नाहीस?"

"बोलले नाही? मी? दोन वर्षं तोंडाचा पट्टा चालू आहे माझा! नीळ दिलीत का म्हणून कोण विचारत होतं? शेजारीण?"

हे एकदम हसले. असं हसू मी कितीतरी महिन्यांत पाहिलं नव्हतं. हसता हसता शर्टाची बाही ओढून डोळ्यांसमोर धरली. "म्हणजे मी एवढे दिवस..."

"गणवेशात फिरताय."

पंपवालाही हसायला लागला. मग हसणं ओसरलं आणि हे हळूच म्हणाले, "काखेत कळसा म्हणतात तो हा. इथेच होते की गं सगळे. आणि मी तळ्याला नावं ठेवत होतो." थोड्या वेळाने म्हणाले, "उद्या सिस्टरकडे जाऊ. तू चल बरोबर."

ऑपरेशनच्या दिवशी सिस्टरनी स्वतः ह्यांना हात धरून आत नेलं. मी बाहेर बाकावर. देवाला काय काय कबूल केलं ते सांगत नाही, फेडता फेडता नाकी नऊ येतील. बाहेर आले तेव्हा उजव्या डोळ्यावर पट्टी आणि चेहरा पडलेला. "काय म्हणाले डॉक्टर?" मी घाबरून विचारलं. तर म्हणाले, "हनुवटी वर, आणि पापणी हलवू नका म्हणाले. आयुष्यभर मी लोकांना छळलं, त्याचं सव्याज परत मिळालं."

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. आम्ही घरी आलो. मला विचारायचं धाडस होईना. जिना चढून वर आले. दोरीवर वाळत घातलेल्या शर्टांसमोर उभे राहिले.

"अगं, हे निळे शर्ट कुणाचे?"

मी खाली बसलेच. आनंदाने हसायलाच लागले. तेवढ्यात माझ्याकडे वळले, उजवा डोळा मिटला, उघडला, डावा मिटला, उघडला. "आणि तुझे केस इतके पांढरे कधी झाले?"

"तुम्ही बगळ्यांमागे फिरत होता तेव्हा."

"डाव्याने अजून जरा तांबूस दिसतात. डावा राहू देऊ का तसाच? तू भांडायला लागलीस की त्याने बघत जाईन."

मी उशी फेकून मारली. मग आठवलं की डोळा नवा आहे, आणि जीव घाबरा झाला. लागली नव्हती.

पुढे महिनाभर औषधाचे थेंब. ते काम माझ्याकडे. हे स्टुलावर बसायचे, त्याच स्टुलावर, आणि मी म्हणायची, "हनुवटी वर. अजून. बास. पापणी हलवू नका." डॉक्टरांची एक ताकीद होती, डोळ्यात बाहेरचं पाणी जाता कामा नये. त्यामुळे पाऊस पडायचा आणि हे खिडकीत बसून तळमळायचे. सिस्टरच्या मुलींचे फोटो मात्र पुन्हा काढून झाले. सगळ्यांच्या गालांवर रक्त आलं. सिस्टर म्हणाल्या, "चला, वाचल्या एकदाच्या."

पावसाळा संपायला आला तेव्हा डॉक्टरांनी बाहेर जायला परवानगी दिली. झिमझिम होती. मी मोठी छत्री घेतली, स्टुडिओत दिव्यापुढे लावतात ती नाही, खरी, आणि बजावलं, "एक थेंब डोळ्यात गेला तर बघा." तळ्यावर गेलो. बगळे होते. पूर्वीइतके नाही, पण होते. ह्यांनी एक डोळा मिटून पाहिलं, मग दुसरा मिटून. कितीतरी वेळ तोच चाळा. मग म्हणाले, "आलेत गं."

गेलेच कधी होते, असं मी म्हणणार होते. पण ह्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. "अहो, डोळ्यात पाणी नको म्हणालेत ना डॉक्टर!" मी छत्री आणखी खाली ओढली. तिचा काय उपयोग होणार होता? ते पावसाचं नव्हतंच. मी पदराचं स्वच्छ टोक शोधलं आणि दोन्ही डोळे टिपले. ह्यांनी आपणहून हनुवटी वर केली.

फोटो त्या दिवशी एकच मनासारखा आला. पंपघराच्या काळ्या भिंतीसमोरून जाणारा, पंख पुरते उघडलेले, मान आखडून घेतलेली, पाय मागे लांब सोडलेले. त्याची मोठी प्रत निघाली तेव्हा मी वर कणीक मळत होते. जिन्यातून हाक आली. मी हात तसेच घेऊन खाली गेले. हे कागद धरून काउंटरशी उभे होते. दारात गेले नव्हते.

"उजवा म्हणतो पांढरा आहे," हे म्हणाले. "डावा म्हणतो पिवळा. तू सांग."

इतक्या वर्षांत काचेत लागलेला एकही बगळा मला विचारून लागला नव्हता. मी हात धुतले. सावकाश धुतले, थांबू देत जरा. मग पदराला पुसून तो कागद दोन्ही हातांनी घेतला आणि दारात नेला. बाहेर ढग होते, उजेड सपाट होता. हे माझ्या मागे, श्वास धरून. मी वरून पाहिलं, खालून पाहिलं. पंखाखालची पिसं एकेक सुटी दिसत होती, त्यात कुठे राखाडी सावली होती, पण नीळ नव्हती. पिवळंही नव्हतं.

"पांढरा आहे," मी म्हटलं.

"नक्की?"

"मला पांढऱ्यातलं कळतं."

"मग लावू?"

"लावा. आणि जरा सरळ लावा, मागचा तिरका होता."